गोवर अंगावर उमटतो तेव्हा

गोवराचा ताप भरला की पूर्वी घरातल्या म्हाताऱ्यांना तापापेक्षा पुरळाची काळजी जास्त. ते उमटते कधी, याकडे त्यांचे डोळे लागलेले असत. कानामागे आणि कपाळावर केसांच्या कडेला पहिले लाल ठिपके दिसले, तिथून ते चेहऱ्यावर, छातीपोटावर आणि पुढे पायांपर्यंत उतरले, की 'चांगला बाहेर पडला' म्हणून त्या निःश्वास टाकत. उशाशी लिंबाचा पाला ठेवला जाई, मनुकांचे पाणी पाजले जाई. गोवर 'आत राहिला' तर मात्र पोराचे काही खरे नाही, ही धास्ती शिरूर-दौंडच्या वाड्यावस्त्यांवर होती तशीच उभ्या महाराष्ट्रात होती.

निरीक्षण पक्के होते. त्यावर रचलेला निष्कर्ष घातक होता. देवीचा कोप म्हणून औषध टाळले गेले, दवाखाना टाळला गेला, आणि गोवरापाठोपाठ येणाऱ्या न्यूमोनियाने व जुलाबाने किती घरांतली लेकरे गेली याची मोजदाद कुणी ठेवली नाही. तरीही 'पुरळ बाहेर पडणे चांगले' या एका वाक्यात जे सत्य होते, ते वैद्यकाच्या हाती बऱ्याच उशिरा लागले.

१९५४ साली बोस्टनमध्ये जॉन एंडर्स आणि थॉमस पीबल्स यांनी डेव्हिड एडमन्स्टन नावाच्या शाळकरी मुलाकडून गोवराचा विषाणू मिळवला आणि तो प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. पाच वर्षांनी, १९५९ मध्ये, एंडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक निबंध प्रसिद्ध केला. न्यूमोनियाने दगावलेल्या काही मुलांच्या फुफ्फुसांत त्यांना अनेक पेशी एकमेकींत विरघळून झालेल्या अवाढव्य पेशी दिसल्या, आणि तिथेच गोवराचा जिवंत विषाणू सापडला. या मुलांच्या अंगावर पुरळ उठलेच नव्हते. आधीच्या आजारांनी त्यांची प्रतिकारशक्ती खचलेली होती.

उलगडा असा, की गोवराचा विषाणू त्वचेतल्या पेशींत शिरतो, पण केवळ त्याच्या शिरण्याने डाग पडत नाही. रक्तातून प्रतिकारयंत्रणेच्या टी पेशी तिथे पोहोचतात, बाधित पेशी हेरतात, त्यांना मारू लागतात आणि मग त्वचा लाल होते. पुरळ उमटते त्याच सुमारास रक्तातला विषाणू झपाट्याने ओसरू लागतो. आजीला जो गोवर 'बाहेर पडताना' दिसत होता, तो लेकराच्या स्वतःच्या पेशींनी स्वतःच्याच बाधित पेशींवर घातलेला घाव होता. ज्या मुलाच्या शरीराला हा घाव घालता येत नाही, त्याच्या अंगावर काही उमटत नाही, आणि विषाणू फुफ्फुसात मोकाट सुटतो.

पुढच्या प्रकरणांचा विषय हाच आहे: शरीर आपल्याच पेशींना मारते कसे, कुणाला मारायचे हे ठरवते कसे, आणि हे काम चुकले तर काय होते.

कोरोनाच्या साथीपासून 'अँटिबॉडी' हा शब्द पारावर आणि एसटीतही ऐकू येऊ लागला. अँटिबॉडी रक्तात, लाळेत, आईच्या दुधात तरंगणाऱ्या विषाणूला चिकटून अडवतात. विषाणू एकदा पेशीच्या आत गेला की त्यांचा हात सहसा पोहोचत नाही. तिथून पुढचे काम मारक टी पेशींचे, आणि त्यांच्याबद्दल मराठीत फारच कमी लिहिले गेले आहे. वास्तविक त्यांचे महत्त्व गोवरानेच सर्वांत स्वच्छ दाखवून दिले. १९५२ साली अमेरिकी डॉक्टर ऑग्डेन ब्रुटन यांनी अँटिबॉडी तयारच न होणाऱ्या एका मुलाची नोंद केली. पुढे अशी आणखी मुले आढळली. जिवाणूंच्या आजारांनी ती सतत बेजार असत, पण गोवर झाला तर इतर मुलांसारखेच पुरळ उठून बरी होत. ज्या मुलांच्या टी पेशींत दोष होता, त्यांच्या मात्र गोवर जिवावर बेते. ऑस्ट्रेलियाचे मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९६८ मध्ये हा फरक नेमका मांडला.

आता एका बाधित पेशीपाशी थांबून पाहू. शरीरातली केंद्रक असलेली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आत तयार होणाऱ्या प्रथिनांपैकी काहींचे बारीक तुकडे करते. तुकडा म्हणजे आठ ते दहा अमिनो आम्लांची लहानशी साखळी. हे तुकडे एचएलए नावाच्या प्रथिनाच्या खोबणीत बसवून पेशी ते आपल्या पृष्ठभागावर मांडते. केडगावच्या कांदा बाजारात गोणी फोडून मूठभर माल समोर ओततात आणि व्यापारी त्यावरून आतला माल जोखतो, तसाच हा प्रकार. पेशी निरोगी असेल तर मांडलेले सगळे तुकडे घरचेच असतात. आत विषाणू बसला असेल तर त्याच्या प्रथिनांचे तुकडेही त्यांत येतात, आणि ते झाकून ठेवणे पेशीच्या हातात नसते.

मारक टी पेशी एकेका पेशीला चाचपत फिरते. तिच्या पृष्ठभागावरचा ग्राहक रेणू एका ठरावीक तुकड्यालाच जुळतो, म्हणून बहुतेक पेशींना स्पर्श करून ती पुढे सरकते. जुळणारा तुकडा सापडला की ती थांबते आणि त्या पेशीला घट्ट बिलगते. दोघींच्या मध्ये एक बंदिस्त फट तयार होते. टी पेशीच्या पोटात विखुरलेल्या पुड्या सरकत त्या फटीच्या तोंडाशी येतात आणि आतला ऐवज तिथे रिकामा करतात. त्यातले पर्फोरिन बाधित पेशीच्या आवरणाला भोके पाडते. त्या वाटेने ग्रँझाइम नावाची विकरे आत शिरतात आणि पेशीत आधीपासूनच असलेली आत्मनाशाची यंत्रणा चालू करतात. डीएनएचे तुकडे पडू लागतात, पेशी आक्रसते, तिच्या पृष्ठभागावर बुडबुडे येतात. फुटून आतला विषाणू चहूकडे सांडण्याऐवजी ती आवरणात बांधलेल्या तुकड्यांत विभागली जाते आणि शेजारच्या भक्षक पेशी ते तुकडे गिळून टाकतात. घाव घालण्याचे काम काही मिनिटांचे. तोवर टी पेशी सुटून पुढच्या बाधित पेशीकडे निघालेलीही असते. तिच्या स्वतःच्या आवरणात मेदरेणू इतके दाटीवाटीने रचलेले असतात की तिचेच पर्फोरिन तिला सहसा बाधत नाही.

या सगळ्याची किल्ली १९७३-७४ मध्ये कॅनबेरात हाती आली. रोल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी उंदरांच्या मेंदूज्वराचा अभ्यास करत होते. डोहर्टी मुळात जनावरांचे डॉक्टर. दुधाच्या धंद्यावर चालणाऱ्या शिरूर-दौंडमधल्या वाचकाला हे जाणून बरे वाटेल, की माणसाच्या प्रतिकारशक्तीचा इतका मोठा नियम शोधणाऱ्या दोघांपैकी एक पशुवैद्य होता. त्यांना दिसले, की एका उंदराच्या मारक पेशी त्याच विषाणूने बाधित झालेल्या दुसऱ्या वंशाच्या उंदराच्या पेशींना हातही लावत नाहीत. विषाणूचा तुकडा आणि आपल्या शरीराची ओळख सांगणारा रेणू, दोन्ही एकत्र दिसले तरच घाव पडतो. १९९६ साली या शोधाला नोबेल पारितोषिक मिळाले. त्या उंदरांबद्दलची आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. तो विषाणू मेंदूतल्या पेशींचे स्वतः फारसे नुकसान करत नसे. उंदीर मरत ते विषाणू हुडकत मेंदूत घुसलेल्या त्यांच्याच टी पेशींमुळे.

मारण्याचा हा अधिकार शरीर कुणालाही सहज देत नाही. छातीच्या हाडामागे, हृदयाच्या वर थायमस नावाची ग्रंथी असते. लहानपणी ती चांगली मोठी असते, वयात आल्यावर आक्रसत जाते. टी पेशी तिथे घडतात आणि तिथेच पारखल्या जातात. घरच्या तुकड्यांवर चालून जाणाऱ्या पेशी तिथेच संपवल्या जातात, कशालाच न जुळणाऱ्याही संपतात. शंभरातल्या जेमतेम तीन-चार बाहेर पडतात.

काही विषाणू इतके धूर्त, की ते पेशीला तुकडे मांडूच देत नाहीत. सायटोमेगॅलोव्हायरस त्यांतला एक. टी पेशी अशा पेशीसमोरून काही न दिसल्याने निघून जाते. पण शरीराकडे दुसरी जात आहे, नैसर्गिक मारक पेशींची. एचएलए रेणूच गायब झालेल्या पेशींवर त्या तुटून पडतात. १९८६ मध्ये स्वीडनच्या क्लास कार्रे यांनी हे दाखवून दिले.

गोवराची सर्वांत क्रूर खोड अजून सांगायची आहे. हा विषाणू श्वासावाटे आत आल्यावर आधी प्रतिकारयंत्रणेच्याच पेशींवर बसतो. सीडी१५० नावाचा रेणू ज्यांच्या पृष्ठभागावर असतो त्या पेशी त्याला हव्या असतात, आणि जुन्या आजारांची, जुन्या लशींची स्मृती जपणाऱ्या पेशी नेमक्या त्याच. म्हणजे गोवर बरा व्हायचा तर मारक पेशींना या स्मृतिपेशीही मारणे भाग पडते. त्या आपले काम चोख करतात आणि मूल गोवरातून उठते, पण घटसर्प, फ्लू, न्यूमोनियाच्या जंतूंशी पूर्वी झालेल्या ओळखीतला बराच भाग गमावून. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांच्या रक्ताचा गोवरापूर्वीचा आणि नंतरचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. अँटिबॉडींच्या विविधतेतला ११ ते ७३ टक्के हिस्सा त्या मुलांनी गमावला होता. गोवरानंतर कित्येक महिने मूल सारखे आजारी पडते ही आयांची तक्रार किती खरी होती, हे त्यातून कळते.

हे टाळायचे तर लस हवी, आणि लशींच्या चाचण्यांत शिरूर तालुक्याचे नाव जगाच्या नकाशावर येते. वढू बुद्रुक महाराष्ट्राला छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे माहीत आहे. लसविज्ञानाच्या जगात त्याची आणखी एक ओळख आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी सत्तरच्या दशकात वढूला ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले आणि गावातल्याच माणसांना आरोग्यसेवेसाठी तयार केले. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००२ पासून शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या २२ गावांत घरोघर जाऊन जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची नियमित नोंद होऊ लागली. लशीचा खरा गुण पाहायचा तर अशी वही लागते. कुठल्या घरात बाळ जन्मले, कोण गाव सोडून गेले, कुणाला जुलाब झाले, हे माहीत नसेल तर प्रयोगशाळेतले निकाल हवेत राहतात.

दिल्लीत एका नवजात बाळाकडून मिळालेल्या ११६ई या विषाणूपासून तयार झालेल्या रोटाव्हायरस लशीची मोठी चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुणे अशा तीन ठिकाणी झाली. पुण्याचे केंद्र म्हणजे वढूचा परिसर. तिन्ही ठिकाणी मिळून ६,७९९ बाळे. रोटाव्हायरस आतड्याच्या आतल्या अस्तरातल्या पेशींत वाढतो. लशीने तीव्र जुलाबांपासून सुमारे ५४ टक्के संरक्षण मिळते, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०१६ पासून ती लस राष्ट्रीय कार्यक्रमात आली. आकडा निम्म्याहून थोडाच अधिक दिसतो, पण जुलाबाने सुकून गेलेले बाळ ज्याने पाहिले आहे त्याला तो लहान वाटणार नाही.

गोवराच्या लशीची चाचणी वेगळी होती. सुई न टोचता, वाफाऱ्यासारखी नाकातोंडावाटे लस देता येईल का, हा प्रश्न होता. ही कल्पना पोलिओच्या तोंडावाटे द्यायच्या लशीचे जनक अल्बर्ट सेबिन यांची, आणि मेक्सिकोत ती मोठ्या प्रमाणावर वापरूनही झाली होती. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत ९ ते १२ महिन्यांच्या २,००४ बाळांवर तिची तुलना नेहमीच्या इंजेक्शनशी केली गेली. जागतिक आरोग्य संघटना, केईएमचे संशोधन केंद्र आणि सीरम इन्स्टिट्यूट यांचा त्यात सहभाग होता. २०१५ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. ९१व्या दिवशी वाफेने लस घेतलेल्यांपैकी ८५.४ टक्के बाळांत पुरेशा अँटिबॉडी आढळल्या, सुईवाल्यांपैकी ९४.६ टक्के बाळांत. सुई जिंकली. गोवर इतका संसर्गजन्य आहे की साथ रोखायला ९५ टक्के मुले संरक्षित असावी लागतात. नऊ टक्क्यांची तूट परवडणारी नव्हती. नकारार्थी उत्तरही उत्तरच असते, आणि ते जगाला या खेड्यांतल्या आयांच्या विश्वासामुळे मिळाले. त्याचे मोल पुरेसे बोलले गेलेले नाही.

या चाचणीत मोजल्या गेल्या त्या अँटिबॉडी. त्याला साधे कारण आहे. रक्तद्रव गोठवून ठेवता येतो, महिन्यांनी तपासता येतो. मारक पेशींची ताकद पाहायची तर त्या जिवंत ठेवून बाधित पेशींसमोर उभ्या कराव्या लागतात. खेड्यातल्या बाळाच्या चमचाभर रक्तात ते जमवणे फार अवघड. म्हणून मारक पेशी कामाला असूनही सहसा आकडेवारीत दिसत नाहीत.

त्या कामाला आहेत, याला एका चुकीनेही दुजोरा दिला. १९६३ ते १९६७ या काळात अमेरिकेत गोवराची मृत विषाणूची लस दिली गेली. अँटिबॉडी तयार झाल्या, पण त्या टिकल्या नाहीत. मृत विषाणू पेशीत शिरून वाढत नाही, त्यामुळे मारक पेशींना धडा मिळाला नाही. पुढे खरा गोवर झाला तेव्हा त्यांतल्या काही मुलांना हातापायांपासून सुरू होणाऱ्या पुरळाचा, न्यूमोनियाचा विचित्र, तीव्र आजार झाला. ती लस मागे घेतली गेली. आजची लस जिवंत पण निर्बळ केलेल्या विषाणूची असते. पुण्याहून दौंडला जाणारी गाडी हडपसरनंतर मांजरीवरून जाते. याच पट्ट्यात सीरम इन्स्टिट्यूट आहे. तिथे वापरला जाणारा एडमन्स्टन-झाग्रेब हा वाण १९५४ च्या त्या शाळकरी मुलाच्या विषाणूपासूनच उतरलेला आहे. तो बाळाच्या काही पेशींत शिरतो, थोडा वाढतो, त्या पेशी त्याचे तुकडे मांडतात, आणि मारक पेशी मोठ्या संकटाआधीच शिकून तयार होतात.

बिघडलेल्या पेशींचा, म्हणजे कर्करोगाचा विषय याच्याच शेजारी येतो. कर्कपेशी घरचीच असते, पण बदललेल्या जनुकांमुळे तिचे काही तुकडे परके दिसतात. मारक पेशी तिला ओळखतात, पुष्कळदा संपवतातही. जी टिकते ती लपायला शिकलेली असते. भारतात पेशी शरीराबाहेर वाढवून हे सगळे तपासण्याची सोय करणाऱ्यांत पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे अग्रणी. साठच्या दशकात त्यांनी मुंबईत देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. त्याच मुंबईत आयआयटीचे राहुल पुरवार आणि टाटा मेमोरियलचे गौरव नरुला व हसमुख जैन यांनी रुग्णाच्याच टी पेशी काढून, त्यांत नवा ग्राहक रेणू घालून, त्या परत देण्याची उपचारपद्धती विकसित केली. या पेशी सीडी१९ हा रेणू असलेल्या रक्तपेशींना मारतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'नेक्सकार१९' या नावाने तिला मान्यता मिळाली. काही ठरावीक रक्ताच्या कर्करोगांतच ती चालते. चाचण्यांत सुमारे ७३ टक्के रुग्णांना तिचा गुण आला. अमेरिकेतल्या किमतीच्या जवळपास दहाव्या हिश्श्यात ती मिळते, तरीही खर्च काही लाखांत जातो. बागायतदारालाही तो झेपणारा नाही, आणि हा प्रश्न विज्ञानाइतकाच धोरणाचा आहे.

मारक पेशींचा तोल सुटला तर काय होते, याची उदाहरणे घरोघर आहेत. बी प्रकारच्या काविळीत यकृताचे जे नुकसान होते, त्यात विषाणूपेक्षा यकृतपेशी मारणाऱ्या टी पेशींचा वाटा मोठा असतो. लहान मुलांना होणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी अशाच मारल्या जातात. मारक पेशींना आवरणाऱ्या नियामक टी पेशींच्या शोधासाठी २०२५ चे नोबेल मेरी ब्रंकॉ, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमॉन साकागुची यांना मिळाले.

शेवटी पुन्हा गोवर, कारण तो गेलेला नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात ९ महिने ते १५ वर्षांच्या मुलांसाठी गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम झाली. तरी २०२२ मध्ये मुंबईत गोवंडी, तसेच भिवंडी आणि मालेगाव इथे साथ आली आणि बालके दगावली. हा आजार चुकलेले मूल बरोबर हुडकून काढतो. दौंड तालुक्यात पाटस, आलेगाव, पाटेठाण इथल्या साखर कारखान्यांच्या गाळप हंगामात बीडकडच्या टोळ्या येतात, फडाजवळ कोप्या पडतात, आणि पट्टा पडला की गावी परततात. हिवाळा ते उन्हाळा हाच गोवराचाही हंगाम. नवव्या महिन्यात बाळ एका जिल्ह्यात असते, सोळाव्यात दुसऱ्याच. दोन्ही ठिकाणच्या आशाताईंच्या यादीत त्याचे नाव नसण्याची शक्यता मोठी. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत बाहेरून आलेल्या कुटुंबांचेही तेच.

म्हणून ही पाने वाचणाऱ्या मुकादमांना, कारखान्यांच्या संचालकांना, शिक्षकांना आणि ज्यांच्या शेतात टोळी उतरली आहे त्या शेतकऱ्यांना एक विनंती. कोपीतल्या लेकरांची लसीकरणाची कार्डे पाहा. पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन्ही मोफत मिळतात. कार्ड गावी राहिले असेल किंवा हरवले असेल, तरी बाळाला केंद्रावर न्या. आधी घेतलेला डोस निरोगी बाळाला पुन्हा दिला गेला तरी त्याने अपाय होत नाही.